‘दोन’ राहतो कुठे?

फोन जमिनीकडे धरायचा आणि सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचा. पडद्यावर बारीक ठिपके उमटतात, त्यांची जाळी पसरते आणि जाळीवर टपकन एक संत्रं येऊन पडतं. त्याला सावलीही असते. पाच-सहा वर्षांचं मूल हमखास फोनच्या मागे हात घालून चाचपून बघतं. हाताला लागते फरशी. पडद्यात संत्रं जागच्या जागी. तेवढ्यात शेजारी दुसरं पडतं आणि आतून एक बाई विचारते, “किती संत्री झाली?”

लहानग्यांना गणित शिकवणारा ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे एआरचा, खेळ साधारण असा असतो. नागपुरात कुणी तो करायला बसलं की पहिली वस्तू संत्रंच सुचणार, त्याला इलाज नाही. करणंही आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. ‘युनिटी’सारखं सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला फुकट मिळतं, गूगलचं ‘एआरकोर’ २०१८पासून खुलं आहे आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प म्हणून असे खेळ करतात. अडचण वेगळीच आहे. संत्री नाहीत, हे मुलालाही ठाऊक असतं. तरी ते ‘दोन’ म्हणतं आणि त्याचं उत्तर बरोबर धरलं जातं. संत्री खोटी, मग दोन खरे कसे?

प्रश्न चेष्टेतला वाटेल, पण आपल्याकडच्या दर्शनकारांनी त्यावर शतकानुशतकं डोकं खपवलं आहे. वैशेषिकांच्या मते संख्या हा एक गुण आहे. रूप, रस, गंध, स्पर्श यांच्याच पंगतीतला. गुण म्हटला की त्याला राहायला द्रव्य हवं. एकत्व प्रत्येक वस्तूत आपलं आपण असतं, तिथे त्यांना काही अडचण नाही. घोळ सुरू होतो दोनपासून. समोर दोन घट आहेत. द्वित्व या घटात नाही, त्याही घटात नाही; दोघांत मिळून आहे. आणि तेसुद्धा आधीपासून नाही. बघणाऱ्याच्या मनात ‘हा एक, हा एक’ अशी जाणीव उठते, तेव्हा ते उत्पन्न होतं. या जाणिवेला त्यांनी ‘अपेक्षाबुद्धी’ म्हटलं. द्वित्व कोणत्या क्रमाने उपजतं आणि अपेक्षाबुद्धी सरली की कसं नाहीसं होतं, याचा टप्प्याटप्प्याने हिशेब त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी मांडून ठेवला आहे. मोजणाऱ्यावाचून दोन नाहीत, असं म्हणणारी ही मंडळी वास्तववादी म्हणून ओळखली जातात, हे विशेष.

त्यांच्या मांडणीत एक गंमतही आहे. गुण एकूण चोवीस, असं ते सांगतात आणि त्या चोविसांत संख्या हा एक गुण मोजतात. पण गुण राहतो फक्त द्रव्यात. गुणावर गुण बसत नाही. मग ‘चोवीस’ हा गुण त्या चोवीस गुणांवर बसला कसा? नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने सोळाव्या शतकात ही अडचण ओळखून संख्येला गुणांच्या यादीतून काढलं आणि स्वतंत्र पदार्थ म्हणून वेगळं घर दिलं. फोनमधल्या संत्र्यांची अडचण हीच आहे. तिथे द्रव्य नाही, नुसतं रूप आहे.

आता खरं संत्रं घ्यावं. सोलण्याआधी ते एक. मधोमध उकललं की दोन. फोडी सुट्या केल्या की कधी दहा, कधी अकरा, कधी बारा. ताटलीतला ऐवज तोच, वजनही तेवढंच, पण ‘किती?’ या प्रश्नाची उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे याने १८८४ साली हाच मुद्दा पत्त्यांच्या कॅटवरून मांडला: हातात ठेवलेल्या गड्डीला नुसतं ‘किती’ विचारून भागत नाही, कॅट किती की पत्ते किती, हे आधी ठरवावं लागतं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला वाटायचं की संख्या वस्तूंच्या ढिगातूनच कळते. फ्रेगेने त्याच्या अंकगणिताची खडे आणि खाऊचं गणित म्हणून टर उडवली. रामटेकच्या डोंगराशी परंपरेने ज्याचं नाव जोडलं आहे, त्या बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने तर वैशेषिकांच्या ‘एकत्वा’लाही धरलं असतं. कशालाच स्वतःचा म्हणून स्वभाव नाही असं म्हणणाऱ्याला सालीच्या आधारे टिकलेलं संत्र्याचं एकपण कसं मान्य व्हावं?

खेळ बनवणाऱ्यासाठी यात फार व्यवहारी गोष्ट दडलेली आहे. दुकानात मिळणाऱ्या अनेक संगणकी खेळांत मोजण्याचं काम यंत्रच करतं. वस्तू एकेक करून चमकतात, आवाज म्हणतो ‘एक, दोन, तीन’, शेवटी टाळ्या वाजतात. म्हणजे ‘हा एक, हा एक’ ही क्रिया झाली ती प्रोग्रॅममध्ये. मुलाने फक्त ती घडताना पाहिली. वैशेषिकाच्या भाषेत सांगायचं तर मुलाच्या मनात अपेक्षाबुद्धी उठलीच नाही, सबब द्वित्वही उपजलं नाही. उपजला तो ‘दोन’ हा आवाज. आणि संगणकातल्या संत्र्याला फोडी नेहमी दहाच, कारण चित्र करणाऱ्याने एकदाच दहा काढल्या आणि तेच चित्र सगळीकडे वापरलं. नागपूरच्या घरातल्या मुलाला फोडी मोजाव्या लागतात, कारण निसर्गाने कुठलाच आकडा ठरवून दिलेला नाही. खेळात मोजायचं कारणच उरत नाही.

तरीही ‘खोट्या वस्तूंवरून खरं ज्ञान मिळणार नाही’ हा आक्षेप टिकत नाही. तो आधीच खोडून ठेवलेला आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाची व्याख्या केली, ती अशी की पूर्वी पाहिलेल्या गोष्टीचा दुसऱ्याच ठिकाणी होणारा भास. एआरचं तंत्र याहून नेमकं सांगणं कठीण आहे. भासाला अधिष्ठान लागतं. दोरी नसेल तर साप दिसणार कशावर? एआरलाही ते लागतं. कॅमेरा जमिनीवरच्या ठळक खुणा टिपतो, फोन कसा हलला याची नोंद त्यातले संवेदक ठेवतात आणि दोन्हींच्या मेळातून सपाट जागा कुठे आहे याचा अंदाज बांधला जातो. पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्सवर हे तंत्र अडखळतं, कारण धरायला खूणच सापडत नाही. नक्षीची चटई किंवा खरबरीत फरशी असली की चटकन जमतं. अधिष्ठान दुबळं असलं की भासही डळमळतो.

मात्र हा दोरीवरच्या सापाचा प्रकार नव्हे. साप नाही हे कळलं की तो दिसायचा थांबतो. वेदान्ती आणखी एक भ्रम सांगतात, जास्वंदीजवळ ठेवलेल्या स्फटिकाचा. स्फटिक लाल नाही हे पक्कं ठाऊक असूनही फूल हलवेपर्यंत तो लालच दिसतो. याला ते सोपाधिक भ्रम म्हणतात. एआरमधलं संत्रं या जातीचं आहे. मुलाची फसवणूक होत नाही, पण फोन बाजूला ठेवेपर्यंत भास हटत नाही. तिथे फूल ही उपाधी, इथे फोन.

आता असत्यातून सत्य कळतं का? त्याच भाष्यात दुसऱ्या अध्यायात आचार्यांनी याचं उत्तर दिलं आहे. पाटीवरच्या रेघोट्या म्हणजे अक्षरं नव्हेत, अक्षर हा ध्वनी. तरी रेघोट्या बघूनच खरी अक्षरं कळतात. आणखी थोडं पुढे गेलं की गणिताच्या शिक्षकाने भिंतीवर लावावा असा दाखला येतो: रेघ एकच, पण जागा बदलली की तिलाच एक, दहा, शंभर, हजार म्हणतात. दशमान स्थानमूल्य त्या काळी किती रुळलेलं होतं, याचा पुरावा म्हणून गणिताचे इतिहासकार हा उतारा काढतात. आचार्यांना गणित शिकवायचं नव्हतं. एकच वस्तू संबंधांमुळे अनेक नावांनी ओळखली जाते, एवढंच दाखवायचं होतं. पण प्राथमिक शाळेत पुष्कळ मुलं ठेचकाळतात ती नेमकी इथेच.

सत्तावीस अधिक पंधरा. सात आणि पाच बारा, बारातले दोन लिहायचे, हातचा एक. हा ‘एक’ खरं तर दहा आहे, हे ज्या मुलाला उमगलं त्याचं पुढचं गणित सुखाचं. ज्याला उमगलं नाही ते विधी म्हणून हातचा मांडत राहतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांनाच हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमत होती. २०२२मध्ये हा आकडा २५.९ होता. मराठीत भर म्हणून ‘सत्तावीस’ बोलताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं सुटसुटीत वाचन सुचवलं गेलं तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्याचा खुलासा करता करता पुरेवाट झाली. एआरच्या खेळातल्या बाईनेही कोणती बोली बोलायची, हे करणाऱ्याला ठरवावंच लागेल.

पण दशकाच्या बाबतीत एआर खरोखर कामाचं ठरू शकतं. दहा सुटी संत्री एका पेटीत जाऊन बसली, पेटी दशकाच्या घरात सरकली, तिथे तिला ‘एक’ म्हटलं आणि झाकण उघडलं की आत दहा, हे सगळं डोळ्यांसमोर घडवता येतं. पुन्हा उलटही फिरवता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक काड्यांचे गठ्ठे बांधून, रबर लावून, सोडून हेच करतात, पण तास संपला की ते तिथेच थांबतं; खेळ घरीही पुन्हा खेळता येतो.

इथे मारिया माँटेसरींची हरकत ऐकून घ्यायला हवी. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे वर्षानुवर्षं इथेच राहिल्या. लहान मुलाला कल्पित गोष्टींपेक्षा वास्तव द्या, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या दशमानाच्या साहित्यात सुटा मणी एकक, दहा मण्यांची काडी दशक, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा ठोकळा. मूल मणी चिमटीत उचलतं, ठोकळा उचलायला दोन्ही हात लावतं. हजार हे दहापेक्षा किती मोठे, ते मनगटाला कळतं. फोनमधल्या संत्र्याला वजन नाही. हजार संत्र्यांचा ढीगही बोटाच्या एका टोकाने सरकतो. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या डोंगरावर ते काम वाढवलं. महागडं साहित्य परवडणार नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे आले. तत्त्व तेच राहिलं, की मोजायची वस्तू हाताला लागली पाहिजे.

आणि नागपूरपासून पंचाहत्तर किलोमीटरवर, वर्ध्याला, याहून टोकाचा प्रयोग झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला तिथे शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या ‘नई तालीम’ शिक्षणपद्धतीत गणित टकळीवरून शिकवायचं होतं. सुताचा एक तार चार फुटांचा, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. सात-आठ वर्षांचं मूल दिवसाअखेरी आपले तार मोजायचं. अर्धी लटी म्हणजे किती? गुंडीला किती कमी पडले? इथे चूक झाली तर लाल फुली मिळायची नाही. सूत कमी भरायचं. समितीत विनोबा होते, ज्यांचं गणितावरचं प्रेम सर्वश्रुत आहे, आणि प्रा. के. टी. शहाही होते, ज्यांनी शाळेचा खर्च मुलांच्या श्रमातून काढण्याच्या कल्पनेवर परिषदेतच कडक आक्षेप घेतला होता. शहांची भीती बिनबुडाची नव्हती. प्रत्येक धडा ओढूनताणून टकळीला बांधण्याचा कंटाळाही शिक्षकांना आला असणार. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या वर्गात ‘कशाला मोजायचं?’ असं विचारायची वेळ कुणावर येत नसे.

मग कल्पित वस्तू वाईट म्हणायच्या का? तसंही नाही. भास्कराचार्यांची लीलावती, ११५०ची, कल्पित प्राण्यांनी गजबजलेली आहे. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्यावर आणि एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. तर एकूण किती? उत्तर पंधरा. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७चा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्या मठातल्या विद्यार्थ्यापुढेही भुंगे नव्हतेच. पण ते भुंगे त्याला स्वतःच्या मनात उडवावे लागत. एआर तेच भुंगे पंख फडफडवत आयते आणून देतं. वस्तू खोटी असण्यापेक्षा कल्पना करण्याचं काम हातातून जाणं, हे नुकसान मोठं आहे.

शिवाय सुंदर वस्तू चिन्ह म्हणून फारशी उपयोगी पडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जूडी डीलोश यांनी १९८७मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीची छोटी प्रतिकृती, तिच्यात लपवलेलं छोटं खेळणं. मोठ्या खोलीत तशाच जागी मोठं खेळणं. छोटं कुठे लपवलंय ते मुलाला दाखवायचं आणि मोठं शोधायला सांगायचं. तीन वर्षांच्या मुलांना जमलं, अडीच वर्षांच्यांना जमेना. दहा वर्षांनी त्यांनी गंमत केली. यंत्राने खोलीच लहान केली, असं मुलांना पटवलं. तेव्हा अडीच वर्षांच्यांनाही खेळणं सापडलं. प्रतिकृती ‘कशाची तरी खूण’ आहे, हे समजण्याचा भार डोक्यावरून उतरला होता. जी वस्तू स्वतःच फार मोहक असते, ती दुसऱ्या कशाची खूण आहे हे लहान मुलाला दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. नाचणारं, डोळे मिचकावणारं संत्रं बघणाऱ्या मुलाला संत्रंच दिसणार. काडी कंटाळवाणी असते हाच तिचा गुण.

चांगली उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या पीबीएस किड्सने २०११मध्ये ‘फेच! लंच रश’ नावाचा एआर खेळ काढला, सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. आकडे छापलेले कागद घरभर चिकटवायचे. सिनेमाच्या युनिटला जेवण पुरवायचंय, कुणी वाढवून मागतं, कुणी कमी करतं. मुलाने बेरीज-वजाबाकी करून योग्य आकड्याच्या कागदापर्यंत चालत जायचं. उत्तर पडद्यात सापडत नाही, ते डोक्यात धरून चालावं लागतं. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले आणि २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. कागदावर कॅमेरा धरला की कागदावर नसलेलं उघडतं, ही सवय मराठी शाळेला त्यांनी लावली. कागद मात्र त्यांनी काढून टाकला नाही.

राहिला फोनचा प्रश्न, तो थोडक्यात. एआरकोर सगळ्या फोनवर चालत नाही, आणि ज्या घरात एकच स्वस्तातला फोन आहे तिथे तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. ‘असर’च्याच पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पहिली-दुसरीच्या हाती फोन देताना हे आकडे डोळ्यांसमोर असलेले बरे.

नागपुरात, किंवा कुठेही, असा खेळ करणाऱ्यांकडून मागणं थोडंच आहे. मोजणारा आवाज काढून टाका. मुलाला मोजू द्या आणि चुकू द्या. संत्र्याच्या फोडी दर वेळी वेगळ्या ठेवा. उत्तर विचारायच्या आधी पडद्यावरची सगळी फळं गायब करा, म्हणजे मूल आठवून सांगेल. दशकाची पेटी ठेवा, नाचणारे डोळे काढा. खेळाच्या शेवटी घरातल्या दहा खऱ्या वस्तू गोळा करून आणायला सांगा आणि फोन बंद करायला सांगा.

शाळांनी आणि पालकांनी परीक्षा फोनवर घेऊ नये. खेळ खेळून आठवडा झाला की काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या पुढ्यात टाकाव्यात, सत्तावीसमधून अठरा काढायला सांगावं आणि हातचा कुठून आणलास हे विचारावं. मुलाने सुट्या काड्या संपल्यावर दहाचा एक गठ्ठा आपणहून मोडला तर खेळ ठेवण्याजोगा आहे. ही चाचणी केल्याशिवाय कोणत्याही शाळेने असा खेळ विकत घेऊ नये, मग तो कितीही देखणा असो.